परलोकातून आलेले अठरावे प्रकरण

रविवारी दुपारची जेवणे उरकली की कर्जतची निम्मी वस्ती खोपकरांच्या घराकडे चालू लागे. खालापुराहून बैलगाड्या येत, नेरळहून माणसे आगगाडीने उतरत, आणि भाताचे व्यापारी ऐन सुगीत दुकानाला फळ्या लावून ओटीवर जागा धरत. बायका माजघरात, पुरुष ओटीवर, राहिलेले अंगणात, आणि ज्यांना अंगणही पुरत नसे ते कुंपणाला लोंबकळत. एवढी दाटी कशासाठी? तर एक मेलेला मनुष्य कादंबरी सांगत होता.

थट्टा नव्हे. सन एकोणीसशे अठ्ठावीसच्या कार्तिकातली ही हकिकत आहे. त्या गर्दीत मीही होतो. कर्जतच्या शाळेत मी मास्तर.

"खिडक्या लावा!" प्रोफेसर त्रिलोकनाथ हुकूम सोडत. "प्रकाशलहरींनी आत्मलहरी फाटतात."

खिडक्या लागत. टेबलावर कोरा कागद आणि कागदावर पिंपळपानाच्या आकाराची एक गुळगुळीत फळी असे. तिच्या मागच्या बाजूला दोन पितळी चाके, पुढच्या टोकाला भोक पाडून बसवलेली पेन्सिल. एका अंगाला प्रोफेसरांची बोटे, दुसऱ्या अंगाला तात्या पोतनीसांची. तात्या मामलेदार कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले. तीस वर्षे दुसऱ्यांच्या अर्जांवर शेरे मारल्यामुळे आपल्याला कोणी फसवू शकत नाही अशी त्यांची खात्री होती.

"दत्तोपंत, आलात काय?"

फळी करकरत सरके. कागदावर उमटे, 'आलो.'

"सध्या मुक्काम कोठे?"

'भुवर्लोक. दुसरा थर.'

"हवापाणी कसे आहे?"

'उत्तम.'

हिवतापाच्या गावात जन्म काढलेल्या दत्तोपंतांना अखेर चांगले हवापाणी मिळाले, हे ऐकून लोक समाधानाने माना डोलवीत. भुवर्लोकातून आलेल्या माणसाला दुसरे काही विचारावे असे कोणाला सुचत नसे. मग प्रोफेसर डोळे मिटून म्हणत, "आता प्रकरण पुढे चालू द्यावे." आणि फळी चालू लागे.

दत्तोपंत खोपकर माझे स्नेही. स्टेशनात मालाचे कारकून होते. दिवसा मालगाडीच्या वाघिणी मोजायच्या आणि उरलेल्या वेळात डिटेक्टिव्ह कादंबऱ्या लिहायच्या, असा त्यांचा क्रम. आठ कादंबऱ्या झाल्या होत्या. नववी, 'माथेरानचा तिसरा पाहुणा', मुंबईच्या एका मासिकात महिन्याला एक प्रकरण अशी चालली होती. माथेरानच्या एका बंगल्यात विश्वंभरशेठ मरून पडलेले. बंगल्यात चौघे जण. शेठांची तरुण दुसरी बायको इंदुमती, पुतण्या वामन, जुने दिवाणजी अंताजी, आणि डोंगरातल्या वाडीवरून कामाला येणारी झिपरी. सतराव्या प्रकरणाच्या शेवटी डिटेक्टिव्ह मार्तंडराव चौघांना दिवाणखान्यात बोलावतात, दाराला कडी घालतात आणि म्हणतात, "खुनी याच खोलीत आहे!"

आणि इथे श्रावणात दत्तोपंत न्यूमोनियाने पाच दिवसांत गेले. मरायला याहून वाईट वेळ कोणा लेखकाने गाठली नसेल. समाचाराला आलेले लोक त्यांच्या पत्नीजवळ, सरोजिनीबाईंजवळ, थोडा वेळ डोळे पुसत आणि उठताना हळूच विचारीत, "पुढचे काही लिहून ठेवले होते का हो?"

आश्विनात प्रोफेसर त्रिलोकनाथ गाडीतून उतरले. कशाचे प्रोफेसर, कोणत्या कॉलेजात, हे कोणी विचारले नाही. अंगात रेशमी कफनी, नाकावर सोनेरी काड्यांचा चष्मा आणि तोंडात 'व्हायब्रेशन' हा शब्द, एवढ्यावर आमच्याकडे मनुष्य प्रोफेसर होतो. दत्तोपंतांच्या आत्म्याने पुण्यास आपल्याला हाक मारली, असे त्यांनी सांगितले. सरोजिनीबाईंनी त्यांना ओटीवरची खोली दिली. ही दत्तोपंतांची लिहायची खोली. त्यांची लाकडी पेटी, वह्या, जुनी पत्रे, सगळे तिथेच. पेटीला कुलूप होते. किल्ली दाराच्या खुंटीला होती.

प्रोफेसर गुरुवारी आले. रविवारी पहिली बैठक झाली आणि फळीने लिहिले, 'सरू. पिवळी वही.'

माजघरातून हुंदका ऐकू आला. दत्तोपंत बायकोला एकांतात सरू म्हणत, हे बाहेर कोणाला ठाऊक नव्हते. पिवळी वहीही खरोखरच पेटीत निघाली. झाले! दुसऱ्या दिवशी कचेरीत, बाजारात, पाणवठ्यावर एकच विषय.

"तीन रात्री ते पेटीशेजारीच निजत होते," मी तात्यांना म्हणालो. "पत्रे वाचली असतील."

"मास्तर, तुम्ही शंकेखोर," तात्या म्हणाले. "अहो, माझी बोटे फळीवर होती! मी ढकलली नाही, शपथ. मुंबईला माणूस बोलतो ते बिनतारी यंत्राने पुण्याला ऐकू येते ना? मग भुवर्लोक असा कितीसा लांब?"

हे वाक्य प्रोफेसरांचे होते. आठवड्यात ते गावात सर्वांच्या तोंडी झाले.

मला तेव्हाच काही करायला हवे होते. मी केले नाही. सरोजिनीबाईंचे दुःख हलके होते आहे तर होऊ द्यावे, असे मी स्वतःला सांगितले. आणि खरे सांगायचे तर, खुनी कोण हे मलाही कळायला हवे होते. अठरावे प्रकरण ऐकताना मी ओटीवर पहिल्या ओळीत होतो.

अठरावे आणि एकोणिसावे प्रकरण दोन रविवारी उतरले. भाषा अगदी पिठूळ होती. मार्तंडराव पूर्वी चार शब्दांत बोलत, ते आता आत्मा आणि देह यांवर प्रवचन झोडू लागले. पण लोक खूश. प्रोफेसरांनी मासिकाच्या संपादकांना पत्रही धाडले. 'परलोकातून उतरलेली पहिली मराठी कादंबरी, संदेशग्राहक प्रोफेसर त्रिलोकनाथ' अशी अक्षरे मुखपृष्ठावर यावीत, लेखकाच्या नावाहून मोठी.

तिसऱ्या रविवारी विसावे प्रकरण आले. मार्तंडराव बोट उगारतात. फळी सरकली, थांबली, पुन्हा सरकली. प्रोफेसर एकेक अक्षर मोठ्याने वाचू लागले.

'खुनी झिपरी. रानातली मुळी. दुधातून.'

लोकांनी श्वास सोडला. इतक्यात फळी पुन्हा थरथरली. 'मलाही तसेच. काढा. काढा.'

एकेक मान मागे वळली. माजघराच्या दाराशी पाण्याची घागर घेऊन पारू उभी होती. पारू डोंगराखालच्या ठाकूरवाडीतली. नऊ वर्षे त्या घरी धुण्याभांड्याला, सारवायला येई. कादंबरीतली झिपरी तिच्यावरून घेतली आहे हे सगळ्या गावाला ठाऊक होते. आणि दत्तोपंतांना शेवटच्या दुखण्यात काढा करून कोणी दिला, हेही.

"मी काय केलं?" पारू म्हणाली. "आलं न् गवती चहा उकळलावता. बाईंनीच सांगितलंवतं. बाई, सांगा की!"

माजघरातून उत्तर आले नाही.

"न्यूमोनिया झाला होता," मी उठून ओरडलो. "दवाखान्याच्या डॉक्टरांनी लिहून दिले आहे!"

"रानातली मुळी डॉक्टरला काय कळणार?" अंगणातून कोणीतरी म्हणाले, आणि चारपाच जणांनी त्याला दुजोरा दिला. सर्टिफिकेटपेक्षा पेन्सिलीच्या टोकावर विश्वास ठेवणे त्यांना सोपे गेले.

त्या आठवड्यात गावाने जे केले ते सांगताना लाज वाटते. पाणवठ्यावर बायकांनी पारूची घागर बाजूला लोटली. तिचा नवरा शुक्रा भाताच्या गिरणीत हमाली करी, त्याला मुकादमाने घरी बसवले. बाजारात कोणीतरी तिच्यावर दगड टाकला, तो कपाळाला लागला. तात्यांनी सुंदर वळणदार अक्षरात फौजदाराच्या नावे अर्ज तयार केला. येत्या रविवारी आत्म्याची जबानी पाच पंचांसमक्ष उतरवून अर्जाला जोडायची, असे ठरले. तीस वर्षे कचेरीत घालवलेला मनुष्य भुताची जबानी पुरावा म्हणून जोडायला निघाला होता!

बुधवारी शाळा सुटल्यावर मी ठाकूरवाडीला गेलो. पारू कुडाच्या भिंतीला शेण लिंपत होती. कपाळाला चिंधी बांधलेली. शुक्रा गुडघ्यात मान घालून बसला होता.

"मास्तर, तुमी पण इचाराया आलात का, मुळी कंची घातली ती?"

"नाही. एवढ्या गावात फळीला तूच का दिसलीस, ते विचारायला आलो."

तिने हात धुतले.

"बाई देवळात गेलेल्या," ती म्हणाली. "मी सारवाया खोलीत गेले, तर तो बाबा सायबांची पेटी उघडून बसला व्हता. मांडीवर पिवळी वही. मला बघून दचाकला. म्हणतो, आत्म्यानंच सांगितलंय बघाया. मी म्हणलं, आत्म्यानं सांगितलंय तर बाईंच्या म्होरं का नाय बघत?"

"मग?"

"मग काय रं बाबा! चार दिवसांनी फळीनं माझं नाव काडलं."

"हे कोणाला सांगितलेस?"

"तात्यांना सांगितलं. ते म्हणले, खुनी बाई असंच बोलणार."

शुक्राने मान वर केली. "मास्तर, आमी वाडी सोडून घाटावर जातो. हितं आता काय ऱ्हायलं?"

"मी नाय जायची," पारू म्हणाली. "गेले तर म्हणतील, बघा, पळाली."

मी तसाच उतरून खोपकरांकडे आलो. प्रोफेसर तात्यांकडे फराळाला गेले होते. सरोजिनीबाई मागच्या पडवीत बसल्या होत्या. मांडीवर ती पिवळी वही. मी पारूने सांगितलेले सर्व सांगितले. मला वाटले होते त्या चमकतील. त्या मुळीच चमकल्या नाहीत.

"भावजी," त्या म्हणाल्या, "झिपरी खुनी नाही, हे मला रविवारीच कळले."

"कसे?"

"कारण खुनी कोण हे मी ठरवले आहे."

मला अर्थ लागेना. त्यांनी वही उघडून पुढे केली. एका पानावर चौघांची नावे, विश्वंभरशेठांचे मध्यभागी, आणि नावानावांतून ओढलेल्या रेघा. कोणाचा कोणावर राग, कोणाचे कोणाशी लपवलेले नाते.

"यांना माणसे उभी करता येत," सरोजिनीबाई म्हणाल्या. "बंगला, पाऊस, घोड्यांच्या टापा, सगळे फार छान लिहायचे. पण दुसऱ्या प्रकरणापाशी येऊन बसायचे आणि म्हणायचे, सरू, आता यांतला कोण? मग मी नाती जुळवायची. लग्नघरात, बारशाला आम्ही बायका आत बसतो ना, तिथे सगळे दिसते. कोण कोणाला वाढताना हात आखडते, कोणती सून कोणाचे नाव निघाले की उठून जाते. त्यातून मी रेघा ओढायची. आठही कादंबऱ्यांत."

याच घरात मी कितीदा म्हणालो होतो, 'पंत, काय तुमचे डोके! शेवटच्या पानापर्यंत पत्ता लागू देत नाही!' दत्तोपंत हसत, आणि ही बाई माझ्यापुढे चहाचा पेला ठेवून आत जाई. एकदाही तिने माझ्याकडे पाहिल्याचे मला आठवत नाही. मीही तिच्याकडे पाहिले नव्हते.

"मग त्या रविवारी का बोलला नाहीत? पारू तुम्हाला हाक मारत होती!"

"माहीत आहे." त्यांचा आवाज बारीक झाला. "दोन महिने मला त्या नावाने कोणी हाक मारली नव्हती. फळीने 'सरू' लिहिले तेव्हा मला वाटले, आले. ते खोटे म्हणायचा धीर होईना. आणि ते खोटे म्हणायचे तर खरे काय ते चारचौघांत सांगावे लागेल. लोक म्हणतील, दत्तोपंत बायकोच्या जिवावर लेखक झाला. मेलेल्या माणसाला उत्तर देता येत नाही, भावजी."

"पारू जिवंत आहे," मी म्हणालो. "तिचे कपाळ फुटले आहे."

त्यांना हे कोणी सांगितले नव्हते. त्यांनी वही मिटली. मग उठल्या आणि म्हणाल्या, "रविवारी पारूला घेऊन या. आणि फळी कशी चालते ते तुम्ही शोधून काढा. नुसते माझे ऐकून या लोकांना पटायचे नाही."

फळीचे कोडे मला फार अवघड गेले नाही. विलायतेत पाऊणशे वर्षांपूर्वी टेबले आपोआप फिरू लागली होती आणि एका शास्त्रज्ञाने ती साध्या युक्तीने थांबवली, असे मी एका जुन्या पुस्तकात वाचले होते. मी दोन गुळगुळीत पुठ्ठे कापले आणि वाण्याकडून मूठभर मोहरी आणली.

रविवारी पंच आले, तात्यांचा अर्ज आला. पारू अंगणात आली तेव्हा लोक दोन्ही बाजूंना सरकले, विटाळ व्हावा तसे. ती सरळ चालत आली आणि ओटीच्या पायरीशी उभी राहिली. फळी चालू झाली. 'आलो,' दत्तोपंतांनी कळवले.

तेवढ्यात माजघराचा पडदा बाजूला झाला आणि सरोजिनीबाई ओटीवर आल्या. डोक्यावरून पदर, हातात पिवळी वही. नवरा जाऊन तीन महिने झालेली बाई पुरुषांच्या बैठकीत आली, याने तात्यांना आत्म्यापेक्षा जास्त धक्का बसला.

"मला यांना एक विचारायचे आहे," त्या म्हणाल्या.

"अवश्य, भगिनी!" प्रोफेसर खुलले. "प्रेमाच्या व्हायब्रेशनने संदेश स्वच्छ येतो."

"अंताजी आणि इंदुमती यांचे नाते काय?"

फळी जराही अडखळली नाही. 'गुप्त प्रीती.'

ओटीवर कुजबुज उठली. पुष्कळांना बरे वाटले, कारण त्यांचाही हाच संशय होता.

"नक्की?"

'नक्की. मीच योजले.'

सरोजिनीबाईंनी वही उघडून पान पंचांपुढे धरले. "हे बघा. अंताजी, इंदुमती, मध्ये रेघ, आणि रेघेवर एकच शब्द, 'गुप्त'. यापुढे काही लिहिलेले नाही. हे पान ज्याने चोरून वाचले, त्याने पुढचे स्वतःच्या मनाने भरले, आणि मनात होते तेच भरले. ही रेघ बाप आणि लेकीची आहे. अंताजीने आपल्या मुलीचे लग्न नाव बदलून शेठांशी लावून दिले होते. शेठांना ते कळले. ते तिला घराबाहेर काढणार होते, म्हणून बापाने त्यांना मारले. तिसऱ्या प्रकरणात अंताजी जिन्यात तिला काय म्हणतात, आठवते कोणाला?"

अंगणातून खालापूरचा एक दुकानदार ओरडला, "'तायडे, पाय जपून'! अगदी असेच आहे! मी तेव्हाच म्हटले, दिवाणजी मालकिणीला तायडे कसा म्हणतो?"

"खरेच की!" "आणि तिच्या तापात रात्रभर दाराशी बसतो तो?" "अरे, बापच तो!" आत्म्याला विसरून सगळे वाचक एकमेकांना प्रकरणे सांगू लागले.

"शांतता!" प्रोफेसरांच्या कपाळावर घाम आला होता. "देह सुटला की लौकिक नाती गळून पडतात. आत्म्याला बाप आणि प्रियकर यांत भेद उरत नाही!"

"हवापाण्यातला भेद बरा उरतो," मी म्हणालो. लोक हसले. प्रोफेसरांपुढे प्रथमच कोणी हसले होते.

"शिवाय हे अक्षर खुद्द दत्तोपंतांचे आहे," प्रोफेसर घाईने म्हणाले. "त्यांच्या मनातले तुम्हाला कसे कळणार?"

"अक्षर माझे आहे."

सरोजिनीबाईंनी टेबलावरची दुसरी पेन्सिल उचलली आणि कोऱ्या कागदावर लिहिले, 'गुप्त'. तात्यांनी चष्मा पुसला, वही आणि कागद शेजारी धरले. अक्षर ओळखण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. त्यांचा चेहरा उतरला.

"कादंबऱ्या यांनी लिहिल्या," सरोजिनीबाई म्हणाल्या. "त्यातली नाती आणि खुनी मी ठरवले. आठही वेळा. हे मी कधी बोलले नसते. पण मी गप्प बसले आणि माझ्या पारूचे कपाळ फुटले. खुनी कोण हे यांना कधीच ठाऊक नसे. त्यांचा आत्मा खरेच या ओटीवर आला असता, तर सांगत बसला नसता. मलाच विचारले असते, सरू, यांतला कोण?"

आणि मग त्या रडल्या. चारचौघांत, उभ्याने. नवऱ्याचे नाव त्यांनी स्वतःच्या हाताने खाली आणले होते, आणि त्याची त्यांना केवढी किंमत पडली हे त्या गर्दीत फार थोड्यांना कळले.

"पण फळी चालते त्याचे काय?" तात्या केविलवाणे होऊन म्हणाले. "माझी बोटे तिच्यावर असतात. मी ढकलत नाही हो!"

"आज बघू," मी म्हणालो. खिडक्या उघडल्या. फळीवर मोहरी पसरली, मोहरीवर दोन बाजूंना दोन पुठ्ठे ठेवले. "फळीऐवजी पुठ्ठ्यावर बोटे टेका. आत्मा फळी ओढत असेल, तर फळी पुढे जाईल आणि पुठ्ठे मागे राहतील. माणूस बोटाने ढकलत असेल, तर मोहरीवरून पुठ्ठाच पुढे घसरेल आणि फळी जागची हलणार नाही."

"आत्म्याची परीक्षा घेणे हे पाप आहे!" प्रोफेसर गरजले.

"माणसाची घेतो आहे," मी म्हणालो. "बोटे ठेवा."

पंच उठून जवळ आले होते. मागे सरायला वाट नव्हती. प्रोफेसरांनी बोटे टेकली, तात्यांनीही. "दत्तोपंत, आलात काय?" तात्यांनीच विचारले, देवाला विचारावे तसे.

प्रोफेसरांचा पुठ्ठा मोहरीवरून सर्रकन डावीकडे घसरला, टेबलावरून खाली पडला, आणि मोहरी ओटीभर उधळली. फळी होती तिथेच. तात्यांचा पुठ्ठा हललाही नव्हता.

मग मी सगळ्यांना उलगडून सांगितले. फळीची चाके इतकी हलकी असतात की बोटाच्या जरा दाबाने ती पळते. एकाने वाट धरली की दुसऱ्याची बोटे नकळत मागे जातात. त्याला वाटते, मी तर ढकलत नाही, म्हणजे कोणीच ढकलत नाही. तात्या खोटे बोलत नव्हते. त्यांच्या प्रामाणिकपणाच्या आडोशाला बसून दुसरा लिहीत होता. 'सरू' हे नाव त्याने पेटीतल्या पत्रांतून घेतले, कथा वहीतून घेतली, आणि पेटी उघडताना ज्या बाईने त्याला पाहिले, तिलाच खुनी केले.

"पारू, काय पाहिलेस ते सांग," सरोजिनीबाई म्हणाल्या.

पारूने पायरीवरूनच सांगितले, मला सांगितले होते तेच, एक शब्द कमी नाही की जास्त नाही. या वेळी ते पंचांना पटले. तेच तोंड, तेच शब्द. फरक एवढाच की आता एक मास्तर आणि एक बाई तिच्या बाजूने उभी होती. गावाच्या न्यायबुद्धीबद्दल मला यापलीकडे काही म्हणायचे नाही.

प्रोफेसर पाणी पिण्याच्या निमित्ताने मागच्या दाराने निघाले ते संध्याकाळच्या गाडीत दिसले. कफनीवर कोट चढवला होता. फळी मात्र तिथेच राहिली. अंगणातले चारदोन जण तरीही म्हणत होतेच, हा प्रोफेसर लबाड निघाला, पण विद्या खरी आहे.

सरोजिनीबाई दुसऱ्या दिवशी एकट्याच ठाकूरवाडीला गेल्या. पारूने त्यांना बसायला घोंगडी दिली आणि विचारले, "बाई, नऊ वर्सं मी तुमच्या घरात हाय. मी हाक मारली तवा तुमी गप का बसलात?" हे सरोजिनीबाईंनीच मला नंतर सांगितले. माझे चुकले, एवढेच त्या म्हणाल्या. पारू तेव्हा कामावर आली नाही. तात्यांनी बाजारच्या दिवशी पाणवठ्यावर उभे राहून आपला अर्ज फाडावा आणि मुकादमाने शुक्राला परत घ्यावे, अशी तिची अट होती. तात्यांना अर्ज फाडायला पंधरा दिवस लागले. पण फाडला, शुक्रालाही परत घेतले, तेव्हाच पारू कामावर आली.

कादंबरीचा शेवट सरोजिनीबाईंनी स्वतः लिहिला आणि मासिकात तो त्यांच्या नावाने आला. काही वाचकांनी अभिनंदन केले. पुष्कळांनी लिहिले की बाईला असले जमणे शक्य नाही, बहुधा दत्तोपंतांचीच टिपणे असावीत. भुवर्लोकाच्या दुसऱ्या थरातून कादंबरी येते हे ज्यांना पटले होते, त्यांना ती स्वयंपाकघरातून येते हे पटेना.

वाचकहो, ही हकिकत मी करमणुकीसाठी लिहिली नाही. मेलेली माणसे साक्ष देत नाहीत. त्यांच्या तोंडी घातलेला प्रत्येक शब्द कोणा जिवंत माणसाचा असतो, आणि त्या माणसाला काहीतरी हवे असते किंवा काहीतरी लपवायचे असते. तेव्हा तुमच्या गावात कोणी देव, भूत किंवा आत्मा बोलू लागला, तर हात जोडण्याआधी खिडक्या उघडा आणि बोलणाऱ्याच्या हाताकडे बघा. आणि त्याने कोणा गरिबाकडे बोट दाखवले, तर दगड उचलण्याआधी त्या गरिबाला विचारा, बाई, तू काय पाहिलेस? विचारायला पैसा लागत नाही, विद्या लागत नाही. कर्जतमध्ये हे विचारायला आम्हाला एक फुटलेले कपाळ लागले. तुम्ही तेवढे थांबू नका.